ड्राक्युलाच्या किल्ल्यात पुन्हा एकदा



चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा तो आम्ही भीतभीतच सांगितला. फोनवर क्षणभर काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "व्हिडिओ गेम? म्हणजे त्यांचे दुष्परिणाम ना?" आम्ही म्हणालो, "नाही. एकच खेळ, तोही जुना. त्याच्यावर तासभर बोलायचे आहे." तरीही त्यांनी तो कार्यक्रमपत्रिकेत छापला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. काल याच जागेवरून भूजलावर व्याख्यान झाले आणि उद्या ज्ञानेश्वरीवर आहे. या दोहोंच्या मध्ये आम्ही भुतांच्या एका किल्ल्याचे वर्णन करणार. तेव्हा मधूनच कोणी उठून गेले तर आम्हांला राग येणार नाही. मात्र जे बसतील त्यांच्यापुढे आम्हांला एक कबुलीही द्यायची आहे, आणि ती शेवटाकडे आहे.

खेळाचे नाव 'कॅसलव्हेनिया'. कोनामी या जपानी कंपनीने तो २६ सप्टेंबर १९८६ रोजी निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्रासाठी चकतीवर काढला. तिकडे त्याचे नाव 'अकुमाजो डोराक्युरा', म्हणजे ड्राक्युलाचा सैतानी गड, असे काहीसे होते. पुढल्या वर्षी, १९८७ त, तो अमेरिकेत कॅसेटच्या रूपाने गेला आणि जगभर याच नावाने ओळखला जाऊ लागला. कथा चार ओळींची आहे. बेलमाँट घराण्यातला सायमन नावाचा एक पुरुष हातात आसूड घेऊन एकटाच किल्ल्यात शिरतो. सहा भाग, प्रत्येकाचे तीन टप्पे, असे अठरा टप्पे चढून त्याला मनोऱ्याच्या टोकाशी बसलेल्या ड्राक्युलाला गाठायचे असते. प्रत्येक भागाच्या शेवटी एक मोठे भूत उभे असते: प्रथम प्रचंड वटवाघूळ, मग मेडुसा, मग दोन ममी, मग फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, मग खुद्द मृत्यू आणि शेवटी धनी. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला सरदार, ग्रीक पुराणातली बाई, इजिप्तचे मुडदे आणि मेरी शेलीच्या कल्पनेतून निघालेला राक्षस, अशी सगळी विलायती भुते एकाच वाड्यात भाडेकरू म्हणून राहत होती. त्यांचे आपसांत कसे जमत असेल, हा प्रश्न त्या वयात आम्हांला पडला नाही.

आमच्या घरी हा खेळ आला तो आडवाटेने. नव्वदीच्या दशकात मूळ जपानी यंत्र आमच्यासारख्यांच्या घरी येणे शक्य नव्हते. परंतु त्याच्या नकला भारतात गावोगाव पोचल्या होत्या. १९९५ च्या मे महिन्यात मामाने मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, अशी एक नक्कल आणि तीन कॅसेटी आणल्या. त्यांतल्या दोहोंत तेच तेच मारिओ आणि काँट्रा होते. तिसरीवर चित्र भलत्याच मोटारीचे होते. ती लावली, तर आत हा किल्ला निघाला. कॅसेट लागली नाही की तिच्या तोंडात फुंकर घालायची, ही विद्या आमच्या पिढीला कोणी शिकवली कोण जाणे, पण सर्वांना येत होती. प्रत्येक भागाच्या आरंभी पडद्यावर किल्ल्याचा लहानसा नकाशा दिसे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोरांना तो लगेच आपला वाटला. बुरूज, जिने आणि वरचा मनोरा त्यात होता. मावळे तेवढे नव्हते.

आता या खेळाचा जो गाभा आहे, त्याकडे येतो. तो एका उडीत आहे. मारिओ १९८५ चा. मारिओने उडी मारली आणि चुकली असे वाटले, तर हवेतल्या हवेत त्याला मागे ओढता येते. सायमनला तसे करता येत नाही. बटण दाबले त्या क्षणी उडी ठरते. किती उंच, किती लांब, कुठे पडणार, सर्व काही. तुम्ही हवेत असताना समोरून काही आले, तर ते येताना पाहणे एवढेच तुमच्या हाती उरते. आसूडही तसाच. बटण दाबल्यावर तो आधी मागे जातो आणि मग पुढे सुटतो. म्हणजे शत्रू समोर आल्यावर हात उचलून उपयोग नाही, तो येण्याआधी उचलायला हवा. आणि फटका बसला, की सायमन मागे फेकला जातो. मागे जमीन असली तर ठीक. खड्डा असला, तर अंगातली उरलेली शक्ती तशीच शिल्लक ठेवून तो त्यात पडतो आणि एक जीव संपतो.

लहानपणी आम्हांला हा निव्वळ दुष्टपणा वाटे. आता पुन्हा खेळताना वेगळे दिसले. या किल्ल्यातली बहुतेक भुते ठरावीक रीतीने वागतात. मेडुसाची मुंडकी (आम्ही त्यांना मुंडकीच म्हणत असू) पडद्याच्या कडेने निघतात आणि लाटेसारखी वरखाली होत सरळ रेषेत पुढे जातात. ती तुमचा पाठलाग करीत नाहीत, तुमच्याकडे पाहतही नाहीत. त्यांची लाट ठरलेली, तुमच्या उडीची कमान ठरलेली. या दोन वक्ररेषा कुठे छेदतील, एवढेच गणित असते आणि ते पाय उचलण्याआधी मनात सोडवायचे असते. खेळणारा मरतो तो बहुधा हात मंद म्हणून नव्हे, तर उत्तर काढण्याआधीच त्याने उडी मारलेली असते म्हणून. आम्हांला हे कळायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली. शाळेतल्या गणिताचेही आमचे तसेच झाले.

सर्वच काही न्यायाने चालते, असे मात्र नाही. कुबडी माणसे, जी आम्हांला माकडे वाटत, ती कशीही उड्या मारतात. त्यांच्यापुढे कोणताही हिशेब चालत नाही, आणि गरुड ती पायांत धरून आणून टाकतात, तेव्हा आम्ही आजही यंत्राला अपशब्द वापरतो. जिन्यांचेही तसेच. जिन्याच्या पायरीवर पाय ठेवण्यासाठी वरची खूण दाबावी लागते. ती विसरून नुसते पुढे चाललात, तर जिना जणू चित्रातला असावा तसा सायमन त्यातून खाली जातो. याला कठोरपणा म्हणता येणार नाही; हे काम कच्चे राहिले आहे. उलट पवित्र पाण्याची बाटली इतकी प्रभावी आहे, की ती योग्य जागी फोडली तर फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस जागच्या जागी थिजतो आणि बिचाऱ्याला एक पाऊलही टाकता येत नाही. दिग्दर्शक हितोशी आकामात्सु यांना हे ठाऊक असेल काय, असे वाटून जाते.

मुलांना या खेळाची पहिली गोडी लागते ती मेणबत्त्यांमुळे. किल्लाभर मेणबत्त्या जळत असतात. आसूड मारून विझवली की प्रत्येकीतून काही ना काही पडते, बहुधा बदाम. पत्त्यांतल्या बदामाचा हा आकार पाहून कोणालाही वाटेल, की याने जीव वाढत असेल. तसे मुळीच नाही. बदाम म्हणजे दारूगोळा. सुरी, कुऱ्हाड, क्रूस आणि बाटली यांतले जे जवळ असेल ते एकदा फेकले की एक बदाम जातो. काळ थांबवणारे घड्याळ वापरले की पाच. जीव वाढतो तो मांसाने, आणि मांस असते भिंतीत. कोणती वीट फोडली की आत भाजलेली तंगडी मिळते, हे खेळ कुठेही सांगत नाही. एकाला योगायोगाने सापडे आणि संध्याकाळपर्यंत ते सबंध आळीला ठाऊक होई. शतकानुशतके भिंतीत राहिलेली ती तंगडी सायमन उचलून खातो आणि ताजातवाना होतो. आमच्या आजीने हे एकदा पाहिले आणि तिने कपाळाला हात लावला.

संगीताबद्दल थोडे बोललेच पाहिजे. ते किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोघी स्त्रियांचे आहे. यामाशिता त्या वेळी कोनामीत नुकत्याच लागल्या होत्या. त्या यंत्राजवळ मुख्यतः सुरांसाठी तीन आवाज आणि तालासाठी एक खरखर, अशी सामग्री होती. तेवढ्यात त्यांनी चाली बांधल्या आणि त्या भुताच्या खेळाला शोभतील अशा कण्हणाऱ्या, कुजबुजणाऱ्या बांधल्या नाहीत. पहिल्या टप्प्याची चाल चक्क पावले उचलायला लावणारी आहे. भय दाखवायचे काम चित्रांवर सोडून त्यांनी धीर देण्याचे काम संगीताकडे घेतले, असे आमचे मत आहे. सबंध खेळ, चित्रे, भुते, चाली मिळून, १२८ किलोबाइटांत बसतो. तुमच्या खिशातल्या फोनवर काढलेला आमचा आजचा फोटो याच्या कितीतरी पट जागा खाईल, आणि त्यात पाहण्यासारखे काय असेल ते तुम्ही जाणताच.

आता त्या वाटेकडे येतो, जिथे आमचे बालपण अडकले.

पाचव्या भागाच्या शेवटी, मृत्यूच्या दालनाआधी, एक लांब वाट आहे. तिच्यात चिलखतवाले उभे असतात. ते कुऱ्हाडी फेकतात. कुऱ्हाड जाते आणि परत येते. त्याच वेळी दोन्ही अंगांनी मुंडकी लाटा घेत येत असतात. किल्ल्याच्या या वरच्या भागांत भुतांचा फटकाही जड झालेला असतो. सायमनच्या अंगात शक्तीच्या सोळा रेघा असतात आणि एका फटक्याला चार जातात. म्हणजे चार चुका, आणि संपले. ही वाट जिवंत ओलांडलीच, तर पुढे काळ्या वस्त्रातला मृत्यू उभा. आम्ही त्याला यम म्हणत असू. त्याचे विळे हवेत कुठेही उमटतात आणि तुमच्यावर चालून येतात. जीव संपले, तरी त्या भागाच्या आरंभापासून कितीही वेळा पुन्हा सुरू करता येते. परंतु आमच्या कॅसेटीत खेळ जतन करण्याची सोय नव्हती. जपानी चकतीवर ती होती, पण हे आम्हांला फार उशिरा कळले. दुपारी दोन वाजता वीज गेली, की सकाळपासूनचे सगळे गेले.

सबंध मे महिना आम्ही या वाटेवर मेलो. यमापर्यंत तीन-चारदाच पोचलो आणि त्याने आम्हांला अर्ध्या मिनिटात परत पाठवले. यंत्र आमच्या घरचे. त्यामुळे आळीतल्या पोरांत आमचा मान मोठा. संध्याकाळी अंगणात सगळी विचारीत, "आज कुठवर?" आणि एका संध्याकाळी, काय मनात आले कोण जाणे, आम्ही म्हणालो, "संपला. ड्राक्युला मेला."

पुढचा प्रश्न येणारच होता. "मग काय होतं?" आम्ही क्षणाचाही विलंब न करता सांगितले, की मनोऱ्याचे दार उघडते, आतून राजकन्या बाहेर येते आणि आकाशात दारूकाम होते. राजकन्या मारिओतून उचलली होती, दारूकाम दिवाळीचे. सर्वांनी विश्वास ठेवला. कारण दुसऱ्या कोणाला तिथवर जाताच येत नव्हते.

शेजारी एक मुलगा राहत असे. आमच्याहून दोन वर्षांनी लहान. आम्हांला दादा म्हणायचा. त्याने ती राजकन्या फारच मनावर घेतली. दुपारी आम्ही झोपलो, की तो आवाज बंद करून खेळत बसे. पहिले काही दिवस आम्हांला गंमत वाटली. मग दिसू लागले, की तो आमच्यासारखा खेळत नाही. वाटेच्या तोंडाशी तो बराच वेळ नुसता उभा राही. मुंडकी किती वेळाने येतात ते बोटांवर मोजी. मरे, पुन्हा उभा राही, पुन्हा मोजी. जून उजाडला, पाठ्यपुस्तकांना कव्हरे घालायची वेळ आली, आणि एके दिवशी दुपारी त्याने आम्हांला हलवून जागे केले.

"दादा, ड्राक्युला मेला. पण राजकन्या नाही आली."

आम्ही उठून बसलो. तो सांगू लागला. मेल्यावर किल्ला लांबून दिसला आणि कोसळला. मग इंग्रजी नावे आली. मग खेळ परत पहिल्यापासून सुरू झाला, आणि आता जास्त अवघड आहे. "माझं काहीतरी चुकलं का?" त्याने विचारले.

अध्यक्षमहाराज, त्या क्षणी खरे बोलता आले असते. उडी अजून मारलेली नव्हती. आम्ही म्हणालो, "तू वेळ फार लावलास. लवकर मारला, तरच राजकन्या येते. म्हणून तर परत पहिल्यापासून लागला."

तो "हं" म्हणाला आणि पुन्हा खेळायला बसला. आठवड्याने शाळा सुरू झाली. पुढल्या वर्षी यंत्र बिघडले. त्यानंतर त्याच्या वडिलांची बदली झाली.

याच मालिकेतला १९९७ चा 'सिंफनी ऑफ द नाइट' हा खेळ पुष्कळांना अधिक थोर वाटतो. त्यात नायक ड्राक्युलाचाच मुलगा आहे. किल्ला मोकळा आहे, हवे तिकडे भटकता येते, हवेत दिशाही बदलता येते. आणि किल्ला संपला असे वाटते न वाटते, तोच तो सबंध उलटा होऊन डोक्यावर उभा राहतो. मिचिरु यामाने यांचे संगीत अप्रतिम आहे. आम्ही तो कॉलेजात असताना खेळलो आणि पुरा केला. तो प्रेमाने वागवणारा खेळ आहे; अडलात, तर थोडी लढाई करून बळ वाढवा आणि पुढे जा, म्हणतो. पण तो पुरा केल्याचे आम्हांला कधी कोणाला सांगावेसे वाटले नाही. जुन्याची मात्र टोचणी राहिली.

कोनामीने २०१९ साली या मालिकेतले आठ जुने खेळ एकत्र करून पुन्हा विकायला काढले. गेल्या पावसाळ्यात आम्ही ते घेतले. त्यांत एक नवी सोय आहे: खेळ वाटेल त्या क्षणी जतन करता येतो आणि चुकलो, की त्याच क्षणापासून पुन्हा सुरू. आम्ही त्या वाटेच्या तोंडाशी जतन केले. एक चिलखतवाला पाडला, जतन केले. दुसरा पाडला, जतन केले. यमाला तर प्रत्येक दोन फटक्यांनंतर जतन करीत मारले. पुलावरची वटवाघळे, घड्याळाचा मनोरा, चंद्राखालचा तो जिना आणि वर ड्राक्युला, पहिल्या रूपात आणि दुसऱ्या रूपातही. सर्व काही असेच हप्त्याहप्त्याने उरकले. रात्री साडेअकराच्या सुमारास किल्ला लांबून दिसला आणि कोसळला.

मग इंग्रजी नावे आली. ती आम्ही आता प्रथम वाचली. बोरिस कार्लॉफ, बेला लुगोसी, ख्रिस्तोफर ली या जुन्या भयपटांतल्या नटांच्या नावांची केलेली ती मोडतोड होती: बोरिस कार्लोफिस, बेलो लुगोसी, ख्रिस्तोफर बी. स्टोकरच्या जागी व्रॅम स्टोकर. संगीतकार म्हणून जेम्स बनाना. जुन्या ड्राक्युलापटांचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांची ती थट्टा. ज्यांनी हे सर्व घडवले, त्यांचे एकही खरे नाव तिथे नव्हते. शेवटी खेळणाऱ्याला उद्देशून दोन ओळी आल्या: कथेतली सर्वांत मोठी भूमिका तुमचीच होती, आणि आभार. मग पडदा काळा झाला आणि खेळ परत पहिल्यापासून सुरू झाला.

त्या मुलाने सांगितले होते अगदी तसे.

त्याचा फोन नंबर मिळवायला आठ दिवस लागले. तो आता दूर परगावी असतो; त्याला मुलगी आहे. आम्ही इकडचे तिकडचे बोललो आणि मग सांगितले, की १९९५ च्या मे महिन्यात आम्ही ड्राक्युलाला मारले नव्हते आणि राजकन्या आमची बनावट होती. तो काही वेळ बोलला नाही. आम्हांला वाटले, तो हसेल. तो म्हणाला, "दादा, मी त्या आठवड्यात तो अजून दोनदा संपवला. शेवटच्या वेळी जेवलोसुद्धा नाही, म्हटलं तेवढाच वेळ वाचेल."

यावर काय बोलावे हे आम्हांला सुचले नाही. आम्ही म्हणालो, "आता आम्हीही पाहिला शेवट. परवाच."

"त्या कुऱ्हाडवाल्यांतून कसे गेलात?"

आम्ही खरे ते सांगितले, की पावलोपावली जतन करून.

"मग तो नाही धरायचा," तो म्हणाला.

तेव्हापासून आम्ही जतन न करता खेळतो. त्याने फोनवर एवढेच सांगितले, की वाटेच्या तोंडाशी आधी उभे राहा आणि मुंडकी मोजा. बाटली यमासाठी राखून ठेवा. आणि घाईत दुसरे हत्यार चुकून उचलू नका, कारण नवे उचलले की जुने जाते. वय झाल्याने बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत. पण थांबणे पूर्वीपेक्षा बरे जमते. दर रविवारी संध्याकाळी त्याला कुठवर पोचलो ते कळवावे लागते. गेल्या रविवारी आम्ही ती वाट ओलांडली, बाटली हातात होती, आणि यमाच्या सोळांपैकी सहा रेघा उरल्या होत्या.